सोळाव्या आठवड्याचा डोस

एकाच सोसायटीत एकाच महिन्यात दोन पिल्लं आली, तर त्यांची लसीकरणाची कार्डं शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकाला पहिली लस पंचेचाळिसाव्या दिवशी टोचलेली असते, दुसऱ्याला साठाव्या. एकाच्या कार्डावर तीन डोस असतात, दुसऱ्याच्या पाच. एका डॉक्टरांनी रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात दिली आणि पुढची तारीख थेट वर्षानं लिहिली, दुसऱ्यांनी महिन्याभरात पुन्हा बोलावलं. दरवर्षी सगळ्या लसी घ्यायच्या की तीन वर्षांनी चालेल, यावरही दोघांची उत्तरं वेगळी. मग एक डॉक्टर उगाच पैसे काढताहेत किंवा दुसरे हलगर्जीपणा करताहेत, असा संशय घरात घोळू लागतो.

बहुतेक वेळा तो संशय रास्त नसतो. या तक्त्यांमधल्या फरकांमागे शास्त्रीय कारणं आहेत, स्थानिक परिस्थिती आहे आणि काही ठिकाणी खरोखरचे मतभेदही आहेत. ते समजले की कुणाही मालकाला आपल्या पिल्लाचं कार्ड स्वतः वाचता येतं. सगळ्या तक्त्यांमध्ये एक प्रश्न मात्र समान आहे आणि तोच निर्णायक आहे : पिल्लू सोळा आठवड्यांचं झाल्यावर त्याला शेवटचा डोस मिळाला का? नेमका हाच डोस सर्वांत सहज राहून जातो. म्हणून हा आढावा त्या प्रश्नाभोवती घेतो आहे.

आईकडून आलेलं संरक्षण

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्याकडे स्वतःची अशी प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते. पहिल्या दिवसात आईचा जो चीक पोटात जातो, त्यातून बहुतांश प्रतिपिंडं मिळतात. काही तासांतच पिल्लाच्या आतड्यातून ती रक्तात शिरण्याचा मार्ग बंद होऊ लागतो. त्यामुळे पहिल्या दिवशी कुणाला किती चीक मिळाला, यावर पुढच्या दोन-तीन महिन्यांचं बरंच काही ठरतं. आईला वेळेवर लसी दिल्या असतील आणि पिल्लू धडधाकट असेल, तर त्याच्याकडे भरपूर प्रतिपिंडं येतात. अशक्त किंवा मागं पडलेल्या पिल्लाला कमी मिळतात. एकाच वेतातल्या सहा पिल्लांची पातळी सहा प्रकारची असू शकते.

ही उसनी प्रतिपिंडं साधारण दर दहा दिवसांनी निम्मी होत जातात. काही पिल्लांमध्ये ती आठव्या आठवड्यातच संपत येतात, काहींमध्ये बाराव्यापर्यंत टिकतात, तर काहींमध्ये सोळाव्यापर्यंतही. अडचण अशी की खऱ्या विषाणूला अडवणारी ही प्रतिपिंडं लसीतल्या दुबळ्या केलेल्या विषाणूलाही अडवतात. लस टोचली जाते, पण शरीराला तिची ओळख पटण्याआधीच ती निकामी होते. त्याहून वाईट म्हणजे मधला काही काळ असा येतो, की उरलेली प्रतिपिंडं खऱ्या रोगाला थोपवायला अपुरी, पण लस वाया घालवायला पुरेशी असतात. पिल्लाच्या आयुष्यातला हा सर्वांत धोक्याचा काळ आहे.

कोणत्या पिल्लाच्या बाबतीत तो नेमका केव्हा येईल, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यायची. त्यातला एखादा डोस प्रतिपिंडं ओसरल्यानंतर पडेल आणि लागू होईल, असा हा हिशेब आहे. तीन डोस झाले म्हणजे संरक्षण तिप्पट झालं, असं नसतं. तीन प्रयत्नांतला एखादाच उपयोगी पडलेला असू शकतो, किंवा एकही नाही.

उदाहरण घेऊ. एका पिल्लाला सहाव्या, नवव्या आणि बाराव्या आठवड्यात लस मिळाली. दुसऱ्याला आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्यात. दोन्ही कार्डांवर तीन-तीनच स्टिकर दिसतील. समजा, दोघांचीही आईकडून आलेली प्रतिपिंडं चौदाव्या आठवड्यापर्यंत टिकली. मग पहिल्याचे तिन्ही डोस फुकट गेले. 'पूर्ण लसीकरण झालेलं' हे पिल्लू बागेत फिरायला जाईल आणि पहिल्याच पार्व्होला बळी पडेल. दुसऱ्याचा शेवटचा डोस मात्र लागू झालेला असेल. म्हणून कार्डावर डोस किती, यापेक्षा शेवटचा डोस कोणत्या वयात पडला, हे आधी पाहायचं.

लसी कशाविरुद्ध

पिल्लांच्या बाबतीत ज्या रोगांची सर्वाधिक धास्ती घ्यावी, त्यात पार्व्हो पहिला. हा विषाणू १९७८ मध्ये एकाएकी उजेडात आला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. मांजरांमधल्या एका विषाणूशी त्याचं जवळचं नातं आहे. तो आतड्याच्या अस्तरातल्या वेगानं वाढणाऱ्या पेशी आणि अस्थिमज्जा यांवर हल्ला करतो. पिल्लू खाणं सोडतं, सतत उलट्या करतं, मग दुर्गंधी येणारे रक्ताचे जुलाब सुरू होतात आणि शरीरातलं पाणी झपाट्यानं कमी होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्यामुळे इतर जंतूंनाही मोकळं रान मिळतं. विषाणू मारणारं खात्रीचं औषध नाही. सलाइन, उलटीचं औषध, प्रतिजैविकं आणि अहोरात्र शुश्रूषा, एवढंच हाती असतं. शिवाय हा विषाणू चिवट आहे. मातीत आणि फरशीच्या फटीत तो महिनोन्महिने टिकतो, चपलेला चिकटून घरात येतो. फिनेलनं फरशी पुसल्यावर तो मरेल, हा भरवसा धरू नये. त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीच लागतं. ज्या घरात पार्व्होनं पिल्लू गेलं, त्या घरात लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू लगेच आणू नये, ते याचसाठी.

डिस्टेंपर हा माणसांतल्या गोवराचा नातलग. फ्रान्समध्ये आंरी कारे यांनी १९०५ मध्ये तो विषाणूमुळे होतो हे दाखवलं. ताप, डोळ्या-नाकातून घाण, खोकला, जुलाब अशी सुरुवात होते. त्यातून पिल्लू सावरतंय असं वाटत असतानाच झटके येऊ लागतात, जबडा किंवा पाय आपोआप उडत राहतो, तळव्यांची कातडी कडक होते. वाचलेल्या कुत्र्यालाही हे दोष आयुष्यभर पुरू शकतात. हा रोग कुत्र्यांपुरता राहत नाही. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांतल्या काहींमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता आणि इतर सिंहांसाठी परदेशातून लस मागवावी लागली होती.

तिसरा, ॲडिनोव्हायरसमुळे होणारा यकृताचा दाह. त्याच्या लसीत मूळ रोगाचा विषाणू न वापरता त्याचा श्वसनमार्गातला भाऊबंद वापरतात. जुन्या लसीमुळे काही कुत्र्यांचे डोळे निळसर धुरकट होत. ते टाळता येतं आणि संरक्षण दोन्हींपासून मिळतं. पार्व्हो, डिस्टेंपर आणि ॲडिनो या तिन्हींवरच्या लसी जगातल्या प्रत्येक कुत्र्याला हव्यातच, यावर तज्ज्ञांचं एकमत आहे. आपल्या देशात रेबीज त्याच यादीत येतो.

लेप्टोचं स्थान जागेप्रमाणे ठरतं. उंदीर-घुशींच्या मुतातून हा जिवाणू साचलेल्या पाण्यात उतरतो आणि माणसालाही होतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती. सिंधुदुर्गातल्या भातशेतीच्या गावांनाही तो चांगला ओळखीचा आहे. कोकण, मुंबई, गोवा इथे पावसाळ्यात बाहेर फिरणाऱ्या कुत्र्याला ही लस 'ऐच्छिक' समजणं चुकीचं आहे. वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटर्नरी असोसिएशन या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही जिथं हा रोग आढळतो, तिथं लेप्टोची लस आवश्यक गटात धरली आहे. मात्र ही मृत जिवाणूंची लस असल्यामुळे तिचे दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात आणि संरक्षण साधारण वर्षभरच टिकतं.

केनेल कफची लस बोर्डिंगमध्ये किंवा शोमध्ये जाणाऱ्या कुत्र्यांना उपयोगी. कोरोनाव्हायरसची श्वानलस मात्र जागतिक मार्गदर्शिकेत शिफारस केलेली नाही. या लसीचा माणसांतल्या कोविडशी काही संबंध नाही. 'नाइन-इन-वन' घ्यावी की 'सेव्हन-इन-वन', हा प्रश्न म्हणूनच आकड्यावर सोडवू नये. वाढलेल्या दोन आकड्यांत लेप्टोचे जास्त प्रकार आहेत की कोरोना, हे डॉक्टरांना विचारावं.

तक्ता

वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटर्नरी असोसिएशनच्या मार्गदर्शिका आज जगभर आधार मानल्या जातात. त्यांचा सारांश आपल्या परिस्थितीला जोडून असा सांगता येईल :

- ६ ते ८ आठवडे : पार्व्हो-डिस्टेंपरचा पहिला डोस. आपल्याकडे पंचेचाळीस दिवसांवर बऱ्याचदा फक्त या दोन रोगांची 'पपी' लस देतात.
- त्यानंतर दर २ ते ४ आठवड्यांनी : ॲडिनोसह एकत्रित लस; आठव्या-नवव्या आठवड्यानंतर लेप्टोही.
- १२ आठवडे किंवा नंतर : रेबीज.
- १६ आठवडे किंवा नंतर : एकत्रित लसीचा या मालिकेतला शेवटचा डोस.
- सहा महिन्यांच्या सुमारास : पुन्हा एक डोस.
- एक वर्षानंतर : रेबीज आणि लेप्टोचा बूस्टर.

सहाव्या महिन्याचा डोस पूर्वी पिल्लू वर्षाचं झाल्यावर देत असत. सोळाव्या आठवड्याचा डोसही ज्यांच्यात लागू झाला नाही, अशा थोड्या पिल्लांना वर्षभर उघड्यावर का ठेवायचं, या विचारानं नव्या मार्गदर्शिकेनं तो अलीकडे आणला. पंचेचाळिसाव्या दिवसाचा डोस देणारे आणि साठाव्या दिवशी सुरुवात करणारे डॉक्टर, दोघेही या चौकटीत बसतात. ज्या भागात पार्व्हो सतत असतो किंवा आईच्या लसीकरणाचा पत्ता नाही, तिथे लवकर सुरुवात करणं शहाणपणाचं. मात्र लवकर सुरू केलं म्हणून लवकर संपवता येत नाही.

रेबीजच्या दुसऱ्या डोसबद्दलही असंच. बाराव्या आठवड्याला दिलेला एक डोस बहुतेक पिल्लांना वर्षभर पुरतो. पण जिथं रस्त्यावर रेबीज आहे, तिथं दोन ते चार आठवड्यांत दुसरा डोस देण्याची सावधगिरी अनेक डॉक्टर घेतात, आणि आपल्या शहरांत ती समजण्यासारखी आहे. बारा आठवड्यांच्या आत कधी रेबीज दिलीच असेल, तर ती नंतर पुन्हा द्यावी लागते.

टेबलावर काय पाहायचं

एकत्रित लस बहुधा दोन बाटल्यांत येते. एकीच्या तळाशी पांढरट गोळीसारखा वाळवलेला थर असतो, दुसरीत द्रव. बरेचदा तो द्रव म्हणजेच लेप्टोची लस असते. डॉक्टर द्रव सुईनं ओढून वाळवलेल्या थरावर सोडतात, बाटली हलक्या हातानं फिरवतात आणि लगेच टोचतात. विरघळवलेली लस तासन् तास ठेवायची नसते. बाटल्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, फ्रीजच्या मधल्या भागात हव्यात; बर्फात गोठलेली लसही बिघडते. वीज जाणाऱ्या गावात ही गोष्ट साधी राहत नाही. लस घरी आणून स्वतः टोचण्याचा किंवा विक्रेत्यानं 'देऊन ठेवलेल्या' डोसवर विसंबण्याचा धोका इथेच आहे : लस दिली गेली असेल, पण तिचा थंडपणा कुठे तुटला, हे कुणालाच माहीत नसतं.

टोचल्यावर बाटलीवरचा स्टिकर सोलून कार्डावर चिकटवतात. त्यावर लसीचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असते. शेजारी तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. स्टिकरविना नुसतं 'व्हॅक्सिन दिलं' असं लिहिलेलं कार्ड मोजू नये; ते पिल्लू लस न मिळालेलंच समजून पुन्हा सुरुवात करणं सुरक्षित.

लस घेताना पिल्लू ठणठणीत हवं. ताप किंवा जुलाब असतील, तर डॉक्टर तारीख पुढे नेतील. जंताचं औषध ही लस नव्हे. ते दोन आठवड्यांच्या वयापासून वेगळ्या वेळापत्रकानं चालतं. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यात थांबावं. थोडी सुस्ती किंवा टोचल्या जागी गाठ येणं एक-दोन दिवसांचं असतं. पण तोंड सुजलं, उलट्या झाल्या, धाप लागली, तर क्षणही न दवडता परत जावं.

दरवर्षी की तीन वर्षांनी

इथे खरा मतभेद आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातले रोनाल्ड शुल्ट्झ यांनी अनेक वर्षं अभ्यास करून दाखवलं, की पार्व्हो, डिस्टेंपर आणि ॲडिनोच्या लसी नीट लागू झाल्या तर संरक्षण कित्येक वर्षं टिकतं. त्यातून मार्गदर्शिकांनी भूमिका घेतली, की पिल्लूपणातली मालिका आणि सहाव्या-बाराव्या महिन्याचा डोस झाल्यावर या तीन लसी तीन वर्षांतून एकदाच द्याव्यात. ज्यांना खात्री हवी, त्यांना प्रतिपिंडं मोजणारी रक्तचाचणीही करता येते.

तरी आपल्याकडे दरवर्षी 'सेव्हन-इन-वन' देण्याची पद्धत टिकून आहे. लेप्टो दरवर्षी हवीच असते आणि ती एकत्रित बाटलीतूनच सोपी पडते. रेबीजच्या वार्षिक दाखल्यासाठी कुत्रा येतोच. आणि वर्षातून एकदा डॉक्टरांनी कुत्रा तपासावा, हाही हेतू असतो. यातला शेवटचा हेतू मोलाचा आहे, आणि त्यासाठी लसीचं निमित्त लागायला नको. आपल्या डॉक्टरांना थेट विचारावं : यंदा लेप्टो आणि रेबीज एवढंच पुरेल का? चांगले डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाहीत.

रेबीज : घराबाहेरचा हिशेब

इतर लसी पिल्लाला वाचवतात. रेबीजची लस घरातल्या मुलांना, दूधवाल्याला, जिन्यातल्या शेजाऱ्यांनाही वाचवते. जागतिक आरोग्य संघटनेचा भारतासाठीचा जुना अंदाज वर्षाला १८ ते २० हजार मृत्यूंचा होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अलीकडच्या देशव्यापी सर्वेक्षणातून आलेला अंदाज सुमारे ५,७०० चा आहे. आकडा खाली आला, हे दिलासादायक असलं तरी लक्षणं दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच जीव घेतो, हे बदललेलं नाही. माणसांतले ९९ टक्क्यांपर्यंत रेबीज कुत्र्यांमार्फत येतात.

पिल्लू लहान आहे म्हणून त्याच्या चाव्याकडे दुर्लक्ष करणं फार महागात पडू शकतं. पिल्लांनाही रेबीज होतो. दात किंवा नख लागलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

कुत्र्यांना लस देऊन माणसं वाचतात, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात २०१४ पासून मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून गावोगाव, वाड्यावाड्यांत फिरून कुत्र्यांना लसी दिल्या. मालकांनी धरून आणलेली आणि रस्त्यावर जाळीनं पकडलेली, दोन्ही प्रकारची कुत्री त्यात होती. जोडीला शाळांतून शिकवणं आणि संशयित कुत्र्यांची तपासणी चालू ठेवली. सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगाची साखळी तुटते, हे सूत्र तिथं प्रत्यक्षात उतरलं. तीन वर्षं माणसांत एकही रेबीजचा रुग्ण न आढळल्यानंतर २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. महाराष्ट्रातल्या महानगरपालिका श्वान परवान्यासाठी रेबीजचा दाखला मागतात, ती अट या दृष्टीनं पाहिली तर जाचक वाटणार नाही.

मग चार महिने घरात कोंडायचं?

'सगळे डोस होईपर्यंत पिल्लाचा पाय जमिनीला लागता कामा नये,' हा सल्ला पार्व्होच्या भीतीतून येतो आणि भीती खरी आहे. पण साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग ओळखायला शिकतं. माणसं, रिक्षा, लिफ्ट, फटाक्यांचे आवाज, इतर कुत्री यांची सवय या काळात झाली नाही, तर मोठेपणी तेच कुत्रं भित्रं किंवा चावरं होऊ शकतं. असं कुत्रं शेवटी रस्त्यावर सोडलं जातं.

दोन्ही धोके सांभाळता येतात. पिल्लाला कडेवर घेऊन बाजार, बसस्टॉप दाखवा. लस पूर्ण झालेल्या ओळखीच्या कुत्र्याशी घरात किंवा गच्चीवर खेळू द्या. पहिल्या डोसनंतर आठवडाभरानं स्वच्छ जागेतल्या प्रशिक्षणवर्गात नेता येतं, असं वर्तनतज्ज्ञही सांगतात. सार्वजनिक बाग, रस्त्याकडेची माती आणि अनोळखी कुत्र्यांची शी पडते त्या जागा मात्र शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे जाईपर्यंत टाळाव्यात.

ज्यांचं कार्ड नाही

२०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तरी बाजारात महिन्या-दीड महिन्याची पिल्लं सर्रास मिळतात. आईपासून लवकर तोडलेलं, प्रवासानं थकलेलं आणि जिथं पिल्लं सतत येतात-जातात अशा जागेतून आलेलं पिल्लू सर्वांत जास्त धोक्यात असतं. ते घ्यायचंच असेल, तर पहिला थांबा दवाखाना.

रस्त्यावरून उचललेल्या, सोळा आठवड्यांहून मोठ्या पिल्लाला दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं एकत्रित लसीचे दोन डोस आणि रेबीज पुरतात. मध्येच तारीख चुकली, तर घाबरून सोडून देऊ नये. डॉक्टर जिथून तुटलं तिथून मालिका सावरतात. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे कुत्रा न्यायचा विचार असेल, तर मायक्रोचिप रेबीजच्या लसीआधीच बसवावी. युरोपात जाताना चिपनंतरची लसच धरतात, लसीनंतर ३० दिवसांनी रक्तचाचणी लागते आणि पुढे तीन महिने थांबावं लागतं.

इमारतीखालच्या पिल्लांचं काय, हा प्रश्न या सगळ्याच्या शेवटी उरतोच, आणि तो सोडून आपल्या पिल्लाचं संरक्षण पूर्ण होत नाही. सोसायटीनं वर्षातून एकदा पशुवैद्य किंवा स्थानिक संस्थेला बोलावून आवारातल्या कुत्र्यांना रेबीज आणि पार्व्हो-डिस्टेंपरच्या लसी दिल्या, तर खर्च वाटून थोडा येतो आणि लाभ सगळ्यांच्या दारापर्यंत पोचतो. आणि आपल्या घरी पिल्लू असेल, तर आजच कार्ड काढून त्याची जन्मतारीख पाहा, त्यात सोळा आठवडे मिळवा. शेवटचा डोस त्या तारखेच्या आधीचा असेल, तर मालिका अजून पूर्ण झालेली नाही. डॉक्टरांना आजच फोन करा.